झोपून टॅकल मारतो तोच भारी डिफेंडर? काहीतरीच!

बडोद्यात पोलो ग्राउंडवर सकाळी फुटबॉल खेळताना अजून ऐकू येतं, "अरे झोपून मार ना, घाबरतोस काय!" म्हणजे ज्याची चड्डी जास्त मळली तो भारी डिफेंडर. साफ चुकीचंय हे. स्लाइड टॅकल, म्हणजे झोपून घसरत बॉल काढणं, हा शेवटचा उपाय, कारण खाली पडलात की उठेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो, मागे गोलकीपर एकटा, आणि गोलसमोरच्या बॉक्समध्ये त्याला पाय लागला तर पेनल्टी वेगळीच. लिव्हरपूलच्या डिफेंडर व्हॅन डाइकचं बघा, २०१८-१९ च्या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्याला ड्रिबल करून, म्हणजे बॉलसकट चकवून, एकही जण पुढे गेला नाही, लिव्हरपूलने ३८ मॅचमध्ये २२ गोल खाल्ले फक्त, आणि हा बाबा बहुतेक वेळा उभाच!

करायचं काय तर पटकन जवळ जायचं पण शेवटच्या दोनतीन पावलांत वेग कमी, गुडघे वाकवून, अंग तिरकं ठेवून त्याला साइडलाइनकडे न्यायचं, नजर बॉलवर, त्याच्या हुलकावण्यांवर नाही, आणि बॉल पायापासून जरा सुटला की मगच पाय घालायचा. मागे कव्हरला कुणी नसेल तर नुसतं अडवून धरा.

दांडिया बाजारच्या पोरांना सांगितलं तर म्हणे, "काका, यात मजा नाय." नसेल, पण गोल खाण्यात कसली मजा रे?