दुसऱ्या खेपेच्या कळा पहिल्यासारख्या का नसतात

पहिलटकरणीला सातवा-आठवा महिना लागला की घरातली प्रत्येक बाई तिला आपल्या कळांबद्दल सांगू लागते. आईच्या कळा कमरेतून निघाल्या होत्या, सासूबाईंच्या ओटीपोटात. मावशीला रात्रभर दुखलं, सकाळी सगळं थांबलं आणि दोन दिवसांनी बाळ झालं. आत्याला दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळाला नाही. ऐकणारी गोंधळते, यातलं खरं कुणाचं मानायचं? सगळ्यांचंच खरं असतं. यातल्या ज्या बाईला दोन मुलं आहेत, तिच्या स्वतःच्या दोन बाळंतपणांच्या कळासुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. असं का होतं, हे शरीरशास्त्राला बरंचसं उलगडलं आहे. बाळंत होणाऱ्या बाईपर्यंत मात्र ते क्वचितच पोचतं, याचं मला फार वाईट वाटतं.

गर्भपिशवी म्हणजे मुख्यतः स्नायूच. गरोदरपणातही हा स्नायू अधूनमधून आवळतो. पोट अर्धा-एक मिनिट कडक होतं आणि पुन्हा सैल पडतं. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्लिश डॉक्टरने 1872 साली याचं वर्णन केलं, म्हणून आजही डॉक्टर या कळांना त्याच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात. त्यांना ठरावीक लय नसते. चाललं, पाणी प्यायलं किंवा कूस बदलली की त्या बऱ्याचदा थांबतात.

दिवस भरत येतात तसा स्नायूच्या पेशींमध्ये मोठा बदल होतो. शेजारच्या पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग झपाट्याने वाढतात, त्यामुळे एका पेशीतला विद्युत संदेश लगेच पुढच्या पेशीत जातो. गर्भाशयाला आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला दाद देणारे रेणूही पेशींवर भराभर वाढतात. इतके दिवस सुटी सुटी आवळणारी पिशवी आता एकत्र आवळू लागते. आवळण्याची लाट बहुधा वरून, बीजनलिका जिथे पिशवीला मिळतात त्या बाजूने, सुरू होते आणि खाली सरकते. हृदयाचे ठोके सुरू करणारी जागा ठरलेली असते. गर्भाशयात तशी कायमची एक जागा सापडलेली नाही.

खरी किमया पुढे आहे. कळ ओसरली की स्नायूचा धागा पुन्हा पूर्ण लांबत नाही, दर वेळी थोडा आखूडच राहतो. त्यामुळे पिशवीचा वरचा भाग जाड होत जातो, खालचा पातळ होतो आणि पिशवीचं तोंड वर ओढलं जाऊन उघडू लागतं. दोन कळांमधली विश्रांतीही याच कामाचा भाग आहे. कळ ऐन भरात असताना वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तिकडचा रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो. बाळाला प्राणवायूचा ताजा पुरवठा होतो तो कळ ओसरल्यावर. म्हणूनच 10 मिनिटांत 5 पेक्षा जास्त कळा येऊ लागल्या की डॉक्टर कळांच्या औषधाचं सलाईन कमी करतात किंवा बंद करतात.

कळेचा जोर मोजण्याची आधुनिक पद्धत उरुग्वेमधून आली. रोबेर्तो काल्देयरो-बार्सिया आणि एर्मोहेनेस आल्वारेस यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला गर्भाशयातला दाब थेट नोंदवला. प्रत्येक कळेचा दाब आणि 10 मिनिटांतल्या कळांची संख्या यांवरून काढलेल्या एककाला त्यांच्या शहराचं नाव मिळालं, माँटेव्हिडिओ एकक. पण आपल्या बहुतेक प्रसूतिकक्षांत अजूनही उपयोगी पडतो तो अनुभवी सिस्टरचा हात. ती तळवा पोटाच्या वरच्या भागावर सपाट ठेवते, नजर घड्याळाच्या काट्यावर, आणि 10 मिनिटं हात हलवत नाही. कळ सौम्य असेल तर बोटांखाली पोट नाकाच्या शेंड्याइतकं घट्ट लागतं. मध्यम असेल तर हनुवटीइतकं, जोरदार असेल तर कपाळाइतकं. गंमत अशी, की कळ येते आहे हे त्या हाताला बाईच्या आधी कळतं. आतला दाब थोडा वाढला तरी हाताला जाणवतो, दुखायला लागतं ते दाब आणखी वाढल्यावर. कळेचा जोर आणि कळेची वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही.

मग वेदना येते कुठून? पहिल्या टप्प्यात ती मुख्यतः पिशवीचं तोंड आणि खालचा भाग ताणल्यामुळे येते. तिथल्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर पोचतात, त्याच पातळीवर ओटीपोटाच्या आणि कमरेच्या त्वचेच्या नसाही येतात. मेंदूला नेमकी जागा ठरवता येत नाही, म्हणून कुणाला पुढे दुखतं, कुणाला मागे, कुणाच्या मांड्यांत उतरतं. आई आणि सासूबाई, दोघींचंही बरोबर होतं.

नुसत्या कमरेत असह्य दुखत असेल, तर पुष्कळदा बाळाच्या डोक्याची दिशा त्याला कारण असते. सहसा बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असतं. ते पोटाकडे असलं, तर डोक्याची कठीण मागची बाजू आईच्या माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाबते. मग दोन कळांच्या मध्येही कंबर सुटत नाही. अशा वेळी बाईने हात-गुडघ्यांवर ओणवं व्हावं आणि सोबतच्या माणसाने कळ येताच तळव्याने कंबर जोरात दाबून धरावी. पुष्कळ जणींना यातून चांगलाच आराम पडतो. बहुतेक बाळं कळांच्या ओघात आपणहून फिरतात, आणि दुखण्याची जात त्याबरोबर बदलते. शेवटच्या टप्प्यात ती सगळ्यांचीच बदलते. डोकं खाली उतरलं की वेगळ्या नसा कामाला लागतात, दुखण्याची जागा नेमकी सांगता येते, आणि शौचाला जोर लावावा तशी अनावर भावना होते.

आता पहिली खेप आणि दुसरी खेप. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं. पुढच्या खेपेला ही दोन्ही कामं बरोबरीने होतात, ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही एकदा ताणलेले असतात. ‘दोन बोटं उघडलंय’ या टप्प्यावर पहिलटकरीण कितीतरी तास राहू शकते, आणि त्यात काहीच बिघडलेलं नसतं. तासाला 1 सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा हिशेब पूर्वी कसोशीने पाळला जाई. तो सगळ्या बायकांना लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट केलं. तिच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कळांचा वेगवान टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरायचा. तो पहिल्या खेपेला सहसा 12 तासांपलीकडे आणि पुढच्या खेपांना 10 तासांपलीकडे जात नाही. त्याआधीचा संथ टप्पा किती चालेल, याला ठरलेलं माप नाही.

दुसऱ्या वेळी लवकर सुटका होते हे बहुधा खरं, पण कमी दुखतं असं सरसकट म्हणता येत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची मोजदाद करणारी प्रश्नावली तयार केली आणि ती बाळंत होणाऱ्या बायकांनाही दिली. सरासरी पाहता पहिलटकरणींना जास्त दुखलं. पण त्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना बायका फार लांबवर पसरलेल्या होत्या. काहींना बेताचं दुखलं, काहींना सहन होण्यापलीकडचं. पाळीत ज्यांचं पोट फार दुखायचं, त्यांना कळाही जास्त जाणवल्या. शिवाय दुसऱ्या खेपेला तेच काम थोड्या वेळात उरकतं, त्यामुळे शेवटचा तास काहींना पहिल्यापेक्षा कठीण वाटतो.

म्हणून एखादी ओरडते आहे यावरून ती नाजूक ठरत नाही, आणि गप्प आहे यावरून तिला अजून वेळ आहे असंही ठरत नाही. प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या बाईला खडसावणं, टोमणे मारणं अजूनही चालतं. ते क्रूर तर आहेच, शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचं आहे. भीतीने ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ॲड्रेनॅलिन गर्भाशयाच्या स्नायूला सैल करतं. वेळेआधी सुरू झालेल्या कळा थोपवायला याच तत्त्वावर काम करणारी औषधं वापरली जातात. घरी नियमित येणाऱ्या कळा दवाखान्याचं दार ओलांडताच मंदावतात, त्यात याचाही वाटा असू शकतो. सतत जवळ असणारं, धीर देणारं माणूस सोबत असेल तर बाळंतपण थोडं लवकर होतं आणि वेदनाशामकांची गरज कमी लागते, हे अनेक देशांतल्या चाचण्यांमधून दिसलं आहे. केंद्र सरकारने 2016 पासून सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एका बाईला थांबण्याची मुभा दिली आहे. ही मुभा हक्काने मागावी.

सलाईनमधून दिलेल्या कळांबद्दलही बायका सांगतात, की त्या एकदम अंगावर येतात. या सलाईनमधलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनच. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली ते प्रयोगशाळेत बनवलं, त्या प्रकारच्या कामासाठी त्यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. औषधाचा रेणू शरीरातल्या रेणूसारखाच असतो, फरक मिळण्याच्या रीतीत आहे. शरीर ते थोडं थोडं, झटक्यांनी सोडतं. सलाईन ते संथ धारेने देतं आणि मात्रा वाढवत नेतं. हळूहळू सवय व्हायला वेळ कमी मिळतो. अशा वेळी वेदनाशामक किंवा पाठीतून दिली जाणारी एपिड्युरल भूल मागण्यात कमीपणा कसला? एपिड्युरलमुळे जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, पण तिच्यामुळे सिझेरियन वाढतात ही समजूत आजच्या अभ्यासांत टिकत नाही.

निघायचं कधी? पहिल्या खेपेला साधारण दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर सलग आल्या की. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एवढी वाट पाहू नये. कळा नियमित झाल्या की गाडी किंवा 108 ला बोलवावं, गाव दूर असेल तर आणखी आधी. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा 37 आठवड्यांआधीच कळा लागल्या, तर एकही कळ मोजत बसू नये, लगेच निघावं.

आणि एक गोष्ट दुसऱ्यांदा आई होणारीला आधीच माहीत असावी. बाळ आणि वार बाहेर आल्यावरही गर्भाशय आवळतच राहतं, कारण वार जिथे चिकटली होती तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानेच बंद होतात. पहिल्या खेपेला स्नायू बराचसा सलग घट्ट राहतो, म्हणून हे फारसं जाणवत नाही. पुढच्या खेपांना तो सैल पडून पुन्हा आवळतो आणि प्रत्येक वेळी दुखतं. बाळाला अंगावर पाजायला घेतलं की ऑक्सिटोसिन सुटतं आणि नेमकी तेव्हाच कळ येते. दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. तोवर पाजण्याआधी लघवीला जाऊन यावं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्यावी. दुखणं ओसरण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागलं, तर सिस्टरला तिथल्या तिथे हाक मारावी.