जुने गोवे दर्शन

पणजी, म्हापसा, कळंगूट किंवा मडगावहून सकाळी बसने निघायचे, गाईडच्या सोबतीने जुन्या गोव्यातील चर्च पाहायची, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घ्यायचे आणि संध्याकाळी मुक्कामी परतायचे, अशी एका दिवसाची सहल. गोवा पर्यटन विकास महामंडळ आणि अनेक खासगी सहलवाले ती चालवतात. लोकांच्या बोलण्यात ती बहुधा ‘साऊथ गोवा दर्शन’ म्हणून येते, कारण मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, दोनापावला, मिरामार ही ठिकाणेही साधारणपणे त्याच फेरीत असतात. मराठी माणसाच्या तोंडी ‘दर्शन’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : स्थळे पाहणे आणि देवापुढे उभे राहणे. या सहलीत ते एकाच तिकिटावर येतात. म्हणून ती नुसती इमारती दाखवणारी फेरी समजली, तर तिचा अर्धा भाग हातातून निसटतो.

जुने गोवे मांडवी नदीच्या दक्षिण काठावर, पणजीच्या पूर्वेला सुमारे १० किमी अंतरावर आहे. कोकणीत त्याला ‘पोरणें गोंय’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्हेल्या गोवा’ म्हणतात. पणजी–मडगाव रस्त्यावरचे ‘गोवा वेल्हा’ हे गाव वेगळे आहे. नावाच्या साम्यामुळे स्वतःच्या वाहनाने येणारे पुष्कळजण तिकडे पोहोचतात आणि मग परत फिरतात. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडते. पणजीहून रायबंदरच्या जुन्या रस्त्याने गेल्यास सुरुवातीलाच १६३० च्या दशकात बांधलेला, सुमारे तीन किमी लांबीचा दगडी बांध लागतो आणि त्यानंतर डाव्या हाताला नदी सोबत करते. बसवाला हा रस्ता घेईल तर उत्तम, कारण जुने शहर बंदर होते हे नदीच्या बाजूने येतानाच नीट उमगते.

पोर्तुगीज येण्यापूर्वी हे विजापूरच्या आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणादिवशी, अफोंसो दे अल्बुकेर्कने ते जिंकले आणि पुढे ते पोर्तुगालच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. ‘ज्याने गोवा पाहिला, त्याने लिस्बन पाहण्याची गरज नाही,’ अशी पोर्तुगीज म्हण त्या वैभवातून आली. पुढे साथीच्या रोगांनी शहर पोखरले. माणसे निघून गेली, व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या दिशेने हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. धार्मिक संघांवर १८३० च्या दशकात बंदी आल्यावर मठही ओस पडले. घरे, वाडे, बाजार यांचे दगड उचलले गेले आणि मुख्यतः चर्च तेवढी उरली. आज हिरवळीत एकमेकांपासून लांब उभ्या दिसणाऱ्या या इमारती मूळच्या तशा नव्हत्या, त्यांच्यामध्ये दाट वस्तीचे शहर होते. ही एक गोष्ट गाईडने बसमध्येच सांगितली, तर पुढे दिसणाऱ्या प्रत्येक भिंतीचा अर्थ बदलतो. ‘गोव्यातील चर्च आणि मठ’ या नावाने हा परिसर १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

सहलीचा मुख्य थांबा बॉम जेजूस बॅसिलिका, म्हणजे बाळ येशूचे चर्च. बांधकामाला १५९४ मध्ये आरंभ झाला आणि १६०५ मध्ये त्याचा अभिषेक झाला. इतर चर्च चुन्याने पांढरीशुभ्र, आणि हे एकटेच तांबूस जांभ्याचे, उघड्या अंगाचे. मूळ रूप मात्र असे नव्हते. भिंतींवर गिलावा होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकला गेला. जांभा पावसात झिजतो, कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला हे ठाऊक असते, त्यामुळे गिलावा परत चढवावा की नाही हा वाद अजून चालू आहे. दर्शनी भागावरचे कोरीव खांब आणि नक्षी काळ्या दगडाची आहे आणि तो दगड वसईहून आणल्याचे सांगतात. वसईही त्या काळी पोर्तुगीजांकडेच होती. वर मध्यभागी ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरलेली दिसतात. ती येशूच्या ग्रीक नावाची आद्याक्षरे असून जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचे चिन्ह आहेत.

आत शिरल्यावर समोर सोन्याचा मुलामा दिलेली उंच वेदी आहे आणि उजव्या बाजूच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, संताची समाधी. गर्दी थेट तिकडे वळते. फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म १५०६ मध्ये स्पेनच्या उत्तरेकडील नव्हार प्रांतातला. जेझुइट संघाच्या पहिल्या सदस्यांपैकी ते एक होते. ते मे १५४२ मध्ये गोव्यात आले, तेथून दक्षिण भारताचा किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपानपर्यंत हिंडले. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांचियान बेटावर त्यांचा मृत्यू झाला. देह आधी तेथेच पुरला होता, नंतर मलाक्काला नेला आणि मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला. चुन्यात पुरूनही तो कुजला नाही, या वार्तेने त्या वेळी सारे शहर धक्क्यावर लोटले होते. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपरापासून खालचा भाग रोमला पाठवण्यात आला. तो तेथील जेझुइटांच्या मुख्य चर्चमध्ये आहे. १६२२ मध्ये झेवियर यांना संतपद मिळाले.

तारखा नीट पाहिल्या की एक गैरसमज दूर होतो. संत या चर्चमध्ये राहत आणि प्रवचने देत, असे अनेक प्रवासी धरून चालतात. प्रत्यक्षात त्यांच्या मृत्यूनंतर ४२ वर्षांनी या इमारतीचा पाया घातला गेला. त्यांचे वास्तव्य संत पॉल कॉलेजशी जोडलेले होते. त्या कॉलेजचे आज रस्त्याच्या कडेला केवळ एक प्रवेशद्वार उरले आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये त्याच कॉलेजात सुरू झाला. अक्षरांवर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाने त्या एकाकी दारापाशी पाच मिनिटे जरूर थांबावे. सहलीच्या बसचा तिथे थांबा सहसा नसतो, गाईडला आधी सांगून ठेवावे लागते.

समाधीचे दोन भाग आहेत आणि ते दोन वेगळ्या जगांतून आले. वरची चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६–३७ मध्ये घडवली. तिच्या पत्र्यांवर संताच्या चरित्रातले ३२ प्रसंग उठावात कोरलेले आहेत. खालचा रंगीत संगमरवराचा चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याची देणगी. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोजिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये इथे बसवण्यात आला. पाहुणा चौथऱ्याची तारीफ आधी करतो, पण नजर वर जाऊन थांबते ती गोमंतकीय सोनारांच्या हातावर. पेटी इतक्या उंचावर आहे की खालून देह जवळजवळ दिसत नाही. लहान मुलांना हे आधीच सांगावे, नाहीतर त्यांचा हिरमोड होतो.

देह जवळून दिसतो तो शवदर्शन सोहळ्यात. १७५९ मध्ये पोर्तुगीज राजवटीने जेझुइटांना हद्दपार केले, तेव्हा त्यांनी जाताना खरा देह सोबत नेला अशी अफवा पसरली. ती मोडून काढण्यासाठी १७८२ मध्ये तो पहिल्यांदा सर्वांसाठी उघडला गेला. आता साधारण दहा वर्षांनी हा सोहळा होतो. अठरावा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. पेटी खाली उतरवून मिरवणुकीने समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेली जाते आणि रांग लागते. काचेमागे दिसणारा देह आज सुकून आक्रसलेला आहे. रांगेत ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही असतात. गोव्यात संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि सायबाला नवस बोलणारी हिंदू घरे गोव्यात आहेत तशी सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातही आहेत.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. संत कॅथरीनला वाहिलेले हे चर्च १५६२ मध्ये बांधायला घेतले, १६१९ मध्ये मुख्य काम संपले आणि वेद्या पुऱ्या व्हायला आणखी तीसेक वर्षे गेली. आशियातील सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते. दर्शनी भागाला एकच मनोरा दिसतो. दुसरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. हे नाव तिला तिच्या गंभीर, भरीव नादामुळे मिळाले आहे.

बाकीच्या वास्तू बहुतेक गाईड घाईने उरकतात. असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च कॅथेड्रलला लागूनच आहे. त्याच्या जमिनीतले कोरीव थडग्यांचे दगड पाहण्याजोगे आहेत, आणि शेजारच्या जुन्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉयांच्या तसबिरींबरोबर कदंबकाळातल्या मूर्ती आणि वीरगळही आहेत, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधीचा गोवा जुन्या गोव्यात भेटायचा तो इथेच. नदीकडे गेल्यावर १५९९ ची व्हाइसरॉयची कमान लागते, तिच्यावर वास्को द गामाचा पुतळा आहे. जवळच संत काजेतानचे घुमटाचे चर्च आहे, त्याचा आराखडा रोमच्या सेंट पीटर्सवर बेतलेला.

संत ऑगस्टीनचा मनोरा मात्र उरकण्याची जागा नाही. बॅसिलिकेच्या पश्चिमेला टेकाडावर ४६ मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचा अर्धाच भाग उभा आहे. १८४२ मध्ये चर्चचे छत पडले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा पुढचा भाग कोसळला. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये इराणातल्या शिराझ येथे तिला मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी गोव्यात आणून इथे ठेवल्या होत्या. उत्खननात मिळालेल्या अस्थींची ओळख हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणीने पटली आणि २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला सोपवल्या. पडक्या भिंतींतून चालताना ही हकिगत ऐकायला मिळाली, तर त्या ढिगाऱ्याला चेहरा येतो.

सहलीची खरी अडचण वेळेची. जुन्या गोव्याच्या वाट्याला बहुधा तास-दीड तास येतो आणि तेवढ्यात दोन मोठी चर्च जेमतेम होतात. ज्याला अधिक पाहायचे त्याने पणजीच्या कदंब बसस्थानकावरून साध्या बसने पुन्हा एकदा यावे आणि डोंगरावरच्या ‘अवर लेडी ऑफ द माउंट’ कपेलापर्यंत चढून जावे. तिथून झाडांतून वर आलेले मनोरे आणि मागे मांडवी दिसते. चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर बाहेर थांबावे, रविवारी सकाळी तर हे धरूनच चालावे. वेदीकडे पाठ करून फोटोसाठी उभे राहणे तिथल्या भाविकांना खुपते आणि तसे न करण्याच्या सूचनाही लावलेल्या असतात. बाहेर मेणबत्त्या, झेंडूच्या माळा आणि मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकणाऱ्या बायका बसतात. दुखरा अवयव बरा व्हावा किंवा मूल व्हावे म्हणून त्या आकाराचे मेण अर्पण करतात. चांदीचे डोळे-पाळणे देवीला वाहणाऱ्या आपल्या माणसाला यात काहीच परके वाटत नाही.

संताचा वार्षिक सण, म्हणजे फेस्त, ३ डिसेंबरला. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, चालते, चर्चसमोर मांडव पडतो आणि जत्रेच्या बाजारात आले-गुळाचे खाजे विकायला येते. बेळगाव, सावंतवाडी, कारवार या बाजूंनी भाविक पायी येतात. या दिवसांत ‘दर्शन’ बसने येणाऱ्याला चर्चचा आतला भाग कमी दिसतो, पण वारी पाहिलेल्या डोळ्यांना ती पायी आलेली माणसे पाहणे हेच पुरेसे असते.

गाईडच्या बोलण्यात एक मोठी गाळलेली जागा असते. कॅथेड्रलसमोरच्या चौकात पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागल्याचा आरोप असलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या धर्मसमीक्षण सभेचा वाडा होता. ही सभा गोव्यात १५६० मध्ये आली आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चालली. ती स्थापन व्हावी असे पत्र झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते, आणि प्रत्यक्ष स्थापना त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. पर्यटकांना वाईट वाटेल म्हणून एक गाळणे किंवा रागापोटी दुसरी गाळणे हा ऐकणाऱ्यावर अन्याय आहे. याच सहलीतले पुढचे थांबे तर या इतिहासाशिवाय कळतच नाहीत. बस पूर्वेला फोंड्याच्या दिशेने वळते आणि प्रियोळच्या मंगेशीला पोहोचते. हा देव मूळचा साष्टीतल्या कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. मंदिरे पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये भक्तांनी लिंग रातोरात नदीपार हलवले. कवळ्याची शांतादुर्गा केळशीहून आली. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांकडे तो गेला १७६३ मध्ये. शांतादुर्गेचे आजचे मंदिर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. सकाळी सायबापुढे मेणबत्ती लावलेली बाई दुपारी या देवळात ओटी भरते आणि बसमध्ये येऊन आपल्या जागेवर बसते.