चढण-शर्यत

घाटरस्त्याचा ठरावीक लांबीचा टप्पा पायथ्यापासून माथ्यापर्यंत कमीत कमी वेळात चढून जाण्याची मोटार-स्पर्धा. हिलक्लाइंब हे तिचे इंग्रजी नावही मराठीत रुळले आहे. रस्त्यावर एका वेळी एकच गाडी सोडतात आणि तिचा वेळ मोजतात. स्पर्धा असते ती घड्याळाशी. हा नियम साधा दिसतो, पण खेळाचा सगळा स्वभाव त्यातून घडला आहे. पुढे जाण्याच्या झटापटीत कोणी पत्रा घासणार नाही, मागून कोणी धडकणार नाही, याची खात्री असते. म्हणूनच साठ-सत्तर, प्रसंगी नव्वद वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स गाड्या त्यांचे मालक इथे पूर्ण वेगाने चालवायला आणतात. ज्या कामासाठी त्या घडवल्या ते काम त्या अजून करतात, आणि जुन्या यंत्राचा याहून मोठा मान दुसरा नाही.

मोटारीच्या बाळपणी चढ चढून दाखवणे हीच तिची खरी परीक्षा होती. पहिली ज्ञात चढण-शर्यत ३१ जानेवारी १८९७ रोजी फ्रान्समध्ये नीसजवळच्या ला तुर्बीच्या रस्त्यावर झाली. इंग्लंडमध्ये वूस्टरशरमधल्या शेल्सली वॉल्श इथे मिडलँड ऑटोमोबाइल क्लबने १९०५ च्या ऑगस्टमध्ये पहिली स्पर्धा भरवली. तिथे आजही त्याच चढावर गाड्या धावतात. अंतर १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. पायथ्यापासून माथ्याची उंची सुमारे १०० मीटर. सर्वांत कठीण जागी दर सहा फुटांना जवळजवळ एक फूट. १९०५ मध्ये सर्वांत वेगवान ठरलेल्या डेमलर गाडीला ७७.६ सेकंद लागले होते. १९३० मध्ये शर्यतचालक हान्स स्टुकने ऑस्ट्रो-डेमलरमधून हाच चढ ४२.८ सेकंदांत सर केला. आजच्या एकासनी शर्यती गाड्या तो २३ सेकंदांच्या आत चढतात.

ब्रिटनमधल्या या खेळाला वळण लागले ते एका अपघाताने. १९२५ मध्ये बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिलवर एक प्रेक्षक जखमी झाला आणि सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगस्पर्धा बंद झाल्या. उरले ते खासगी जमिनीतले चढ. शेल्सली त्यामुळेच टिकले. ग्लॉस्टरशरमधले प्रेस्कॉट १९३० नंतरच्या दशकात बुगाटी ओनर्स क्लबने घेतले आणि १९३८ पासून तिथे स्पर्धा सुरू झाल्या. तिथल्या एका वळणाला बुगाटी गाड्यांचे निर्माते एत्तोरे बुगाटी यांचे नाव आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर चढ लांबलचक होते. स्वित्झर्लंडच्या क्लाउझन खिंडीतली शर्यत २१.५ किलोमीटरची होती. ती १९२२ ते १९३४ या काळात होत असे. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मानच्या मोटार-शर्यतीतल्या दुर्घटनेत ऐंशीहून अधिक माणसे मेली, तेव्हा स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या, म्हणजे बंद मार्गावर फेऱ्या मारण्याच्या, शर्यतींना बंदी घातली, पण चढण-शर्यतींना धक्का लावला नाही. अमेरिकेतली पाइक्स पीकची शर्यत १९१६ मध्ये सुरू झाली. सुमारे २० किलोमीटर, १५६ वळणे आणि ४,३०० मीटरवरचा शेवट, जिथे विरळ हवेत इंजिनाचा दम निघतो, हा या कुळातला सर्वांत रांगडा प्रकार. हौशी चालकाचे मन मात्र एक किलोमीटरच्या आसपासच्या छोट्या चढावरच रमते.

जुन्या गाड्यांना हे छोटे अंतर मानवते. इंजिन तापून उकळण्याआधी माथा येतो. जुने ड्रम ब्रेक उतारावर गरम होऊन निकामी होतात. चढावर ब्रेकचे अर्धे काम गुरुत्वाकर्षणच करते. भार मागच्या चाकांवर सरकत असल्याने इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीला पकड चांगली मिळते. पुढची चाके मात्र हलकी पडतात आणि तीव्र वळणात नाक बाहेरच्या कडेकडे ओढले जाते. टायर थंड असतात, म्हणून पहिल्याच वळणावर फार विश्वास टाकून चालत नाही. ताकदीपेक्षा वजन आणि गिअरचे गुणोत्तर इथे मोलाचे: लहानग्या ऑस्टिन सेव्हनमध्ये बसलेला सरावलेला चालक दुप्पट ताकदीच्या गाडीला कोड्यात टाकू शकतो. फ्रेझर नॅश ही तर या चढांची लाडकी गाडी. तिच्यात प्रत्येक गिअरला स्वतंत्र साखळी असते आणि मागच्या आसाला डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नसते. वळणात दोन्ही मागची चाके एकाच गतीने फिरतात, त्यामुळे शेपूट घसरवतच ती वळवावी लागते. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, तिचा मालक गुडघे टेकून साखळ्यांना तेल देताना दिसतो. हाताचा काळा डाग आठवडाभर जात नाही.

स्पर्धा बहुधा शनिवार-रविवारी असते. सकाळी तांत्रिक तपासणी होते: चाकांचे बेअरिंग हलवून बघतात, ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो आपोआप परततो का ते पाहतात, हेल्मेट आणि अग्निरोधक कपडे तपासतात. जाणता चालक त्याआधीच चढ पायी चालून आलेला असतो. झाडाखाली ओल कुठे आहे, डांबर कुठे गुळगुळीत झाले आहे, ब्रेक कुठल्या खांबाशी लावायचा, हे चालल्याशिवाय कळत नाही. मग सरावाच्या फेऱ्या, आणि बहुतेक ठिकाणी मोजणीच्या दोन. दोहोंतली चांगली धरतात. गाड्यांचे गट इंजिनाच्या आकारावरून आणि वयावरून पाडतात. एकच गाडी नवरा-बायको किंवा बाप-लेक दोघे आळीपाळीने चालवतात, हेही नेहमीचेच.

सुरुवातीच्या रेषेवर मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावतात, म्हणजे गाडी मागे घसरत नाही आणि क्लच जळत नाही. दिवा हिरवा झाला की लगेच सुटायची सक्ती नसते, कारण घड्याळ सुरू होते ते गाडीने प्रकाशाचा झोत छेदल्यावर. त्या क्षणी चालक एक श्वास घेतो, इंजिनाचा आवाज चढवतो, क्लच सोडतो. पुढची चाळीस-पन्नास सेकंदे चुकीला भरपाई नाही. सर्किटवर एक वळण बिघडले तर पुढच्या फेरीत सुधारता येते, इथे पुढची फेरी दुपारनंतर. दोन दिवसांत प्रत्यक्ष शर्यतीचे चालवणे चार-पाच मिनिटांचेही भरत नाही. ज्यांना ते कमी वाटते त्यांनी माणसांचे चेहरे पाहावेत: आपल्याच गेल्या वर्षीच्या वेळेतून पाव सेकंद काढल्याचा आनंद करंडकाला हरत नाही.

शेल्सलीत वर पोचलेल्या गाड्या लगेच उतरत नाहीत; गट पुरा होईपर्यंत माथ्यावर ओळीने उभ्या राहतात. इंजिने टिकटिकत निवतात, चालक हेल्मेट काढून एकमेकांना हातवाऱ्यांनी वळणे दाखवतात, एकमेकांच्या वेळा विचारतात. मग मार्शलने, म्हणजे मार्गावर देखरेख करणाऱ्याने, खूण केली की सगळ्या एकामागोमाग सावकाश खाली येतात.