वारूसचे सैन्य नेमके कसे बुडाले?

इसवी सन 9 मध्ये अर्मिनियसच्या जर्मन टोळ्यांनी रोमन सुभेदार वारूस याच्या 17, 18 आणि 19 क्रमांकाच्या तिन्ही लीजनांचा (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) फडशा पाडला, याविषयी प्राचीन लेखकांत दुमत नाही. वाद आहे तो हे कसे घडले याचा. रोमन इतिहासकार फ्लोरस म्हणतो, वारूस छावणीत न्यायनिवाडा करत बसला असताना शत्रू आत घुसला. इतिहासकार कॅसियस डिओच्या मते बायकामुले व गाड्यांसह वाटचाल करणाऱ्या सैन्यावर दाट जंगलात, वादळी पावसात, अनेक दिवस हल्ले होत राहिले. डिओ तर लढाईनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता. समकालीन आणि स्वतः जर्मनीत लढलेला इतिहासकार व्हेलियस अधिक भरवशाचा वाटावा, पण त्याचा वृत्तान्त त्रोटक आहे आणि वारूसला दोष देण्यातच त्याला अधिक रस आहे.

1987 मध्ये जर्मनीतील कल्क्रीझ येथे टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला धातुशोधक यंत्राने चांदीची नाणी सापडली आणि पुढच्या वर्षी गोफणीच्या शिशाच्या गोळ्या. पुढे उत्खननात वारूसच्या नावाची आद्याक्षरे उमटवलेली तांब्याची नाणीही निघाली; तो जर्मनीत आला इसवी सन 7 मध्ये, म्हणजे ते ठसे त्यापूर्वीचे असूच शकत नाहीत. मला सर्वांत बोलके वाटते ते एक खेचर. त्याच्या गळ्यातल्या घंटेत गवत कोंबलेले होते, बहुधा ती वाजू नये म्हणून. आवाज न करता पुढे सरकू पाहणारे हे सैन्य डिओच्या वर्णनाशी जुळते, फ्लोरसच्या न्यायसभेशी नाही.

रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की लढाईनंतर सहा वर्षांनी रोमन सेनापती जर्मेनिकसच्या सैनिकांनी उघड्यावर पडलेली हाडे पुरली, आपली कोणती आणि परक्यांची कोणती हे न कळताच. कल्क्रीझच्या खड्ड्यांतही माणसांची आणि खेचरांची हाडे एकत्र आहेत, आणि पुरण्यापूर्वी ती वर्षानुवर्षे ऊनपावसात पडून होती, हे त्यांच्या झिजेवरून दिसते.

तरीही एक शंका उरतेच: ही जागा जर्मेनिकसच्याच एखाद्या लढाईची असेल तर? त्यासाठी संशोधकांनी धातूकडे मोर्चा वळवला. लीजनचे लोहार पितळ-काशाच्या वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आणि वितळवत, त्यामुळे प्रत्येक लीजनच्या धातूत सूक्ष्म मूलद्रव्यांचे वेगळे प्रमाण उतरते. जर्मनीतीलच दांगश्टेटन येथे 19 व्या लीजनचा तळ होता. तिथल्या वस्तूंशी कल्क्रीझच्या वस्तूंचे हे प्रमाण जुळते, असे 2022 मध्ये जाहीर झाले. कल्क्रीझचा मातीचा बांध मात्र जर्मनांनी दबा धरण्यासाठी रचला की रोमनांनी छावणीभोवती घाईने उभारला, यावर अजूनही वाद चालू आहे.