नेमलेले सिनेटर पक्षापलीकडचे असतात का?

कॅनडाच्या सिनेटरना निवडणूक लढवावी लागत नाही, त्यामुळे ते पक्षीय भांडणांपासून दूर राहतात, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सिनेट म्हणजे कॅनडाच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह. त्याच्या १०५ जागांवर गव्हर्नर जनरल पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमणुका करतात. बहुतेक पंतप्रधानांनी तिथं आपल्याच पक्षाची माणसं पाठवली. १९९० मध्ये जीएसटी विधेयक सिनेटमध्ये अडलं, तेव्हा पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी राज्यघटनेतली तोवर कधीच न वापरलेली तरतूद काढून आठ जादा सिनेटर नेमले. विरोधी लिबरल सिनेटरनी शिट्ट्या आणि पिपाण्या वाजवून कामकाज रोखलं. निवडणुकीचं भय नसलेल्या ज्येष्ठांचं हे वागणं! मला ते आजही खटकतं. विधेयक शेवटी मंजूर झालंच.

‘त्यांना कुणी हात लावू शकत नाही’ हेही खरं नाही. सभागृहातल्या भाषणासाठी खटला भरता येत नाही, पण वैयक्तिक आणि बोचरी भाषणं सिनेटच्या नियमांत निषिद्ध आहेत. शिवाय आचारसंहिता आहे. आदिवासींविषयी वंशद्वेषी पत्रं आपल्या संकेतस्थळावर ठेवणाऱ्या सिनेटर लिन बेयक यांना २०१९ मध्ये वेतनाविना निलंबित केलं गेलं. २०२१ मध्ये त्या पायउतार झाल्या. तहहयात पदही १९६५ पासून नाही, ७५व्या वर्षी निवृत्ती येते.

२०१४ मध्ये लिबरल पक्षाचे नेते जस्टिन ट्रुडो यांनी आपल्या सिनेटरना पक्षाच्या संसदीय गटातून वगळलं, २०१६ पासून सल्लागार मंडळ नावं सुचवू लागलं. अपक्ष वाढले, हे चांगलंच. अंतिम शिफारस मात्र अजूनही पंतप्रधानांचीच असते.