जास्त मिलिअँपिअरमुळे पेडल जळत नाही
गिटारच्या इफेक्ट पेडलला (आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्याला) १०० मिलिअँपिअर करंट लागतो आणि पॉवर सप्लायचं आउटपुट ५००चं आहे, म्हणजे पेडल जळणार, हा समज चुकीचा आहे. पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं. ५०० ही फक्त सप्लायची कमाल क्षमता. जळण्याचा धोका असतो तो ९ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट दिले किंवा पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी झाली तर. बहुतेक पेडलना मधली पिन निगेटिव्ह लागते, तरी जॅकशेजारची खूण बघाच.

खरा त्रास करंट कमी पडल्यावर होतो. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज थोडा फाटका करणाऱ्या पेडलला) १०-२० मिलिअँपिअर पुरतात, पण डिजिटल डिलेला (आवाजाचा प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलला) २००-३००ही लागू शकतात. तेवढे मिळाले नाहीत, तर तो सुरूच होत नाही किंवा वाजवताना मध्येच बंद पडतो. डिजिटल पेडल आणि फझ (आवाज खूप फाटका करणारं पेडल) एकाच डेझी चेनवर, म्हणजे एका आउटपुटमधून अनेक पेडलना वीज देणाऱ्या वायरवर असतील, तर अँप्लिफायरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. तिथे आयसोलेटेड आउटपुटच (प्रत्येक पेडलला वेगळं, एकमेकांशी न जोडलेलं आउटपुट) घ्या.