खाण बंद झाली म्हणजे शिसं पण गेलं? कसलं काय!

"अरे तो कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, पावसात सगळं धुऊन गेलं असेल आता", हे इतक्यांदा ऐकलंय ना की आता लिहितोच. शिसं मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, वाफ होऊन उडून जात नाही, मातीच्या वरच्या थरालाच चिकटून बसतं. झांबियातलं काब्वे बघा, तिथली शिसं-जस्ताची खाण 1994 ला बंद पडली, तरी वीसेक वर्षांनी कासांडा, माकुलुलू या शेजारच्या वस्त्यांमधल्या कित्येक पोरांच्या रक्तात डेसीलिटरला 45 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं सापडलं, आणि अमेरिकेत आता 3.5 लाच डॉक्टर लक्ष घालतात!

दुसरं म्हणजे "पाणी टेस्ट केलं, क्लीन आलं, मग टेन्शन कशाला". अहो, अशा ठिकाणी शिसं अंगात जायचा मेन रस्ता पाणी नसतोच बहुतेक वेळा. अंगणात रांगणारं पोर, मातीचा हात, तोच तोंडात, झालं. म्हणून धोका मोजताना माती चाळून बारीक धूळच तपासतात (जाडे खडे बोटांना चिकटतच नाहीत), शिवाय घरातली धूळ, वारा कुठल्या वस्तीकडे वाहतो, तिथे लहान पोरं किती हे सगळं बघावं लागतं. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशातलं साधारण 10 टक्के रक्तात जातं, लहानग्यांचं 50 पर्यंत, उपाशी पोटी अजून जास्त.

आणि हो, रक्ताचा रिपोर्ट मुख्यतः गेल्या महिना-दोन महिन्यांचं सांगतो, जुनं शिसं हाडांत मुक्कामाला असतं, वर्षानुवर्षं.